कोबी कुठे कडू असतो?

साताऱ्याच्या आमच्या घरात पानात टाकायची सोय नव्हती. वाढलेलं संपवायचं आणि मगच पाटावरून उठायचं, हा आजीचा दंडक. मला त्याचा कधी जाच झाला नाही, कारण मला सगळंच आवडायचं. धाकट्याचं गाडं मात्र कोबीपाशी अडायचं. हरभऱ्याची डाळ घालून केलेली, हळद-मोहरीच्या फोडणीची साधी भाजी. तो पहिला घास घ्यायचा, गालात धरून ठेवायचा आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणायचा, "कडू आहे."

"कोबी कुठे कडू असतो?" आजी विचारायची. "कारलं म्हण, मेथी म्हण. कोबी कडू म्हणणारा तूच पहिला." मग माझ्याकडे हात करून, "ताई बघ कशी खाते मुकाट्यानं."

मी खायचे आणि त्याचं कौतुक करून घ्यायचे. एका रविवारी तो दुपारी तीनपर्यंत पानासमोर बसून होता. भाजीवरचं तेल थिजलं होतं, पोळीच्या कडा वाळून वर आल्या होत्या. शेवटी पान स्वच्छ झालं, आजीने "शाबास" म्हटलं. दुसऱ्या दिवशी धुणं भिजवताना आईने त्याच्या चड्डीचा खिसा उलटा केला, तेव्हा आतून सगळा कोबी निघाला. आईने तो मोरीत झटकला, खिसा साबणाने दोनदा घासला आणि आजीला काही सांगितलं नाही. मला मात्र त्याचा राग आला होता. मी नियमाने खाते आणि हा लबाडी करतो, असं माझ्या मनाने घेतलं.

आणखी एक गोष्ट तेव्हा रोज डोळ्यांसमोर होती. आई कोबीत चिमूटभर साखर घालायची. आजीला ते मुळीच पटायचं नाही. "कोबीला साखर कशाला लागते?" आई "हो" म्हणायची आणि पुढच्या वेळी परत घालायची.

१९९३ साली मी पुण्याला बीएस्सीला होते. जनुकशास्त्राच्या प्रॅक्टिकलला सरांनी एका डबीतून प्रत्येकीला गाळणकागदाची एकेक पट्टी दिली. फेनिलथायोकार्बामाइड, म्हणजे पीटीसी, या रसायनाच्या अगदी विरळ द्रावणात बुडवून वाळवलेली. जिभेवर ठेवा आणि काय लागतं ते सांगा. माझ्या शेजारची मैत्रीण दोन सेकंदांत बेसिनकडे धावली. बाक ओलांडून मागे पाहिलं, तर निम्म्याहून जास्त वर्ग तोंड वेडंवाकडं करत होता. माझ्या जिभेवर ओला कागद होता, एवढंच. पट्टी खराब असेल म्हणून मी दुसरी मागितली. ती चावून पाहिली, तरी कागदच. सरांनी वहीत माझ्या नावापुढे 'नॉन-टेस्टर' लिहिलं आणि ते पुढच्या बाकाकडे गेले.

मग त्यांनी आर्थर फॉक्सची हकिकत सांगितली. १९३१ साली अमेरिकेत, ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत फॉक्स हेच रसायन बाटलीत भरत होता. भुकटी थोडी उडाली. जवळ काम करणारा सहकारी म्हणाला, काय कडू आहे हे! फॉक्स तर भुकटीच्या अधिक जवळ होता, आणि त्याला काहीच लागलं नव्हतं. दोघांचा वाद झाला. फॉक्सने स्वतः पुन्हा चाखून पाहिलं, मग आणखी माणसांना चाखायला दिलं, तेव्हा काही फॉक्ससारखे निघाले, तर काही सहकाऱ्यासारखे. पुढे तपासत गेल्यावर कळलं की हा फरक पिढ्यानपिढ्या घराण्यांतून उतरतो.

ऐकताना मला आमच्या स्वयंपाकघराचीच आठवण येत होती. तोच वाद आमच्याकडे दहा वर्षं चालला होता आणि फॉक्सने केलं ते आमच्यापैकी कोणीही केलं नव्हतं. धाकट्याचं म्हणणं खरं असू शकेल, हे कोणाच्या मनातसुद्धा आलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत सरांकडून मागून पाच-सहा पट्ट्या घरी नेल्या. धाकटा तेव्हा सोळा वर्षांचा होता. त्याने पट्टी जिभेवर ठेवली आणि पुढच्या क्षणी उठून मोरीकडे गेला. चूळ भरून परत आला आणि म्हणाला, "हेच. कोबीत हेच असतं. यात खूप जास्त आहे, पण हेच." मग आजीला दिली. तिने डोळे मिटून, प्रसादाचं तीर्थ घ्यावं तशी पट्टी जिभेवर धरली. बराच वेळ. "काही नाही गं. कागद आहे नुसता." आजी खोटं बोलत नव्हती. आधीही कधी बोलली नव्हती. तिच्या जिभेला कोबी गोडसरच होता.

आई ओट्यापाशी चकल्या तळत होती. मी पट्टी तिच्या तोंडापाशी नेली. तिने झारा खाली ठेवला, पट्टी घेतली आणि तिचा चेहरा बदलला. पदराने ओठ पुसले. "कडू आहे," ती म्हणाली. "कोबीसारखंच."

"तुला कोबी कडू लागतो?"

"हो. सगळ्यांनाच लागत असेल असं मला वाटायचं."

लग्न होऊन ती या घरात आली त्याला तेव्हा वीस वर्षं होऊन गेली होती. बाजारात स्वस्त मिळतो म्हणून आठवड्यातून दोनदा कोबी व्हायचा. ती तो चिरायची, करायची, वाढायची आणि सगळ्यांच्या शेवटी बसून खायची. कडू असून सगळे खातात तर आपणही खायचं, एवढाच तिचा हिशोब. आजी त्यानंतर काही बोलली नाही. संध्याकाळी फराळाची ताटं भरताना तिने धाकट्याच्या ताटात दोन चकल्या जास्त ठेवल्या, ते मी पाहिलं.

हे नेमकं काय घडतं, ते मला पुढे शिकवता-शिकवता कळत गेलं. गेली पंचवीस वर्षं मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. जिभेवरच्या उंचवट्यांमध्ये रुचिकलिका असतात. एकेका कलिकेत लसणाच्या पाकळ्यांसारख्या पन्नास ते शंभर पेशी दाटीने उभ्या असतात आणि त्यांची टोकं एका बारीक छिद्राशी एकत्र येतात. गोड, कडू आणि उमामी (ही कोणती चव ते पुढे येतंच) ओळखणाऱ्या पेशींच्या टोकांवर रिसेप्टर असतात, म्हणजे पेशीच्या पडद्यातून सात वेळा आत-बाहेर ओवलेली प्रथिनं. अन्नातला एखादा रेणू त्याच्या खाचेत बसला की पेशीच्या आत खटका पडतो आणि निरोप मेंदूकडे निघतो. आंबटाचं आणि खारटाचं काम वेगळ्या पद्धतीने चालतं. तिथे हायड्रोजन आणि सोडियमचे आयन थेट वाहिन्यांमधून आत शिरतात. (जिभेचं टोक गोडाचं आणि मागची बाजू कडूची, अशी विभागणी दाखवणारी आकृती मी परीक्षेत काढली आहे आणि तिचे गुणही घेतले आहेत. ती चूक आहे. १९०१ सालच्या एका जर्मन निबंधातल्या बारीकशा फरकाचा पुढे झालेला तो विपर्यास. सगळ्या चवी जिभेवर सगळीकडे ओळखता येतात. हे मी दर वर्षी फळ्यावर लिहिते.)

गोडासाठी सस्तन प्राण्यांत एकच रिसेप्टर, दोन प्रथिनांची जोडी: टी१आर२ आणि टी१आर३. त्यातलं पहिलं बदलून टी१आर१ आलं की ती जोडी उमामी ओळखते, म्हणजे रटरटलेल्या मटणाच्या रश्श्यातली, सुक्या बोंबलातली ती भरलेली चव. १९०८ साली जपानमध्ये किकुनाए इकेदा यांनी समुद्रशैवालाच्या कढणातून ती वेगळी काढली आणि तिला नाव दिलं. कडूसाठी मात्र माणसाकडे सुमारे पंचवीस वेगवेगळे रिसेप्टर आहेत. गोड म्हणजे ऊर्जा, ती ओळखायला एक दार पुरतं. वनस्पती मात्र स्वतःला वाचवायला शेकडो तऱ्हेची विषं तयार करतात, म्हणून पहाऱ्यावर माणसं जास्त लागतात.

पीटीसी ओळखणारा पहारेकरी म्हणजे टीएएस२आर३८. त्याचं जनुक २००३ साली सापडलं, मी पट्टी चघळली त्याच्या दहा वर्षांनंतर. हे ३३३ अमिनो आम्लांचं प्रथिन आहे. त्यातल्या तीन जागा, ४९वी, २६२वी आणि २९६वी, प्रामुख्याने दोन प्रकारांनी भरलेल्या आढळतात. एका प्रकाराने कडू लागतं, दुसऱ्याने नाही. मला आईकडून आणि बाबांकडून दोन्हीकडून दुसरा प्रकार मिळाला. बाबांकडचा आजीकडून आलेला असणार. धाकट्याला आईचा पहिला प्रकार मिळाला. आणि कोबी, मुळा, नवलकोल, मोहरी या कुळातल्या भाज्या चिरल्या-चावल्या की त्यांच्यातून पीटीसीशी रचनेत साम्य असलेली, गंधक-नत्राच्या जोडणीची द्रव्यं सुटतात. जास्त प्रमाणात ती थायरॉइडच्या आयोडीन वापरण्यात अडथळा आणतात. म्हणजे माझ्या भावाची जीभ त्याला एका खऱ्या गोष्टीची सूचना देत होती आणि आम्ही त्याला हट्टी म्हणत होतो.

पाडव्याला कडुनिंबाची पानं गूळ, ओवा, मीठ घालून वाटली की ती गोळी माझ्या घशाखाली उतरताना मलाही शहारा येतो. कारलंही मला कडूच लागतं. पंचविसांतला माझा एकच पहारेकरी झोपलेला आहे, बाकीचे जागे आहेत. 'कडू कारलं तुपात तळलं, साखरेत घोळलं, तरी कडू ते कडूच' ही म्हण कारल्याबद्दल खरी असेल, कोबीबद्दल तिला काही सांगता यायचं नाही.

आता आमच्या मनीबद्दल सांगते. पांढरी, शेपटीशी काळी. सुक्या बोंबलाचा डबा उघडला की माळ्यावरून उडी टाकायची. पण पेढ्याचा तुकडा पुढे ठेवला तर हुंगून निघून जायची. बासुंदीची वाटी चाटायची ती सायीसाठी. आजी म्हणायची, मांजराला गोडाची किंमत नाही. २००५ साली फिलाडेल्फियाच्या मोनेल केमिकल सेन्सेस सेंटरमधल्या संशोधकांनी मांजराचं टी१आर२चं जनुक वाचलं. त्यात डीएनएच्या २४७ अक्षरांचा एक तुकडाच गळालेला आहे. जनुक मोडलेलं, त्यामुळे प्रथिन तयार होत नाही, जोडी जमत नाही आणि गोडाचं दार उघडतच नाही. वाघातही ते तसंच मोडलेलं आहे आणि चित्त्यातही. मनीला गोड नावडत नव्हतं, तिच्या जगात गोड ही चीजच नव्हती. हे वाचलं तेव्हा कितीतरी वेळ मी पुस्तक मांडीवर ठेवून बसले होते. एकाच स्वयंपाकघरात, एकाच वाटीशी आम्ही दोघी होतो.

मांजरापुरतंच हे नाही. २०१२ साली शिकारी प्राण्यांच्या बारा जाती तपासल्या, तर सी-लायन, सील, आशियाई छोट्या नखांचं पाणमांजर, ठिपकेवाला तरस अशा सात जातींत तेच जनुक बाद झालेलं निघालं. आणि विशेष म्हणजे प्रत्येकात मोडतोड वेगळ्या जागी. एकाच पूर्वजाकडून आलेला हा दोष नव्हे. मांसावर जगणाऱ्यांना गोड ओळखायची गरज उरली नाही, आणि ज्याची गरज नाही त्याची डागडुजीही होत नाही. जायंट पांडाचं याच्या उलट. तो अस्वलाच्या कुळातला, पोट मांसाहाऱ्याचं, पण दिवसभर बांबू खातो. त्याचं उमामीचं जनुक मोडलेलं आहे, गोडाचं शाबूत आहे. डॉल्फिन आणि देवमासे तर फारच पुढे गेले. भक्ष्य चावत न बसता गिळायचं, त्यामुळे त्यांची गोडाची, उमामीची आणि जवळजवळ सगळी कडूची जनुकं निकामी झाली. दापोलीच्या किनाऱ्यावरून होडीतून डॉल्फिन दाखवायला नेतात, तेव्हा मुलं ओरडत असतात आणि मला तेवढंच आठवत राहतं, की अख्ख्या समुद्रातून याला फार तर खारट कळत असेल.

जनुकं मोडण्याची ही गोष्ट माणसाच्या किती जवळ आहे, ते चिंपांझींनी दाखवलं. १९३९ साली एडिंबरोच्या प्राणिसंग्रहालयात रोनाल्ड फिशर, फोर्ड आणि ज्युलियन हक्स्ली या तिघा शास्त्रज्ञांनी चिंपांझींना पीटीसीचं पाणी चाखायला दिलं. काहींनी ते थुंकलं, काही शांतपणे प्यायले. आपल्यासारखेच दोन तट. तेव्हा वाटलं की हा फरक माणूस आणि चिंपांझी वेगळे होण्याआधीपासूनचा असावा. २००६ साली जनुक वाचल्यावर कळलं की तसं नाही. चिंपांझींमध्ये तो रिसेप्टर वेगळ्याच जागी, वेगळ्याच तऱ्हेने बिघडलेला आहे. दोन्ही घराण्यांत तेच दार, पण ते स्वतंत्रपणे बंद झालेलं.

एकदा मी स्वतः माझं गोडाचं दार बंद करून पाहिलं आहे. वनस्पतिशास्त्राच्या सहलीत, कोकणात उतरताना बाईंनी एका वेलीची दोन पानं चावायला दिली. गुडमार. मधुमेहाच्या काढ्यात घालतात तीच. पानं तुरट-कडसर होती. मिनिटभराने बाईंनी हातावर चमचाभर साखर ठेवली. मी ती तोंडात टाकली आणि दातांखाली नुसती वाळू कचकचली. दाणे विरघळताना कळत होते, पण गोडी नव्हती. मग गुळाचा खडा चाखला, तर तो खारट, मातकट. अर्धा-पाऊण तास हे टिकलं आणि मग हळूहळू, पहाटेचा उजेड यावा तसं गोड परत आलं. उटकमंडला, म्हणजे आजच्या उटीला, काम करणाऱ्या डेव्हिड हूपर यांनी १८८७ साली या पानांतून जिम्नेमिक आम्ल वेगळं केलं. ते टी१आर३ला जाऊन चिकटतं. माणसावर आणि चिंपांझीवर त्याचा असर होतो, उंदरावर जवळजवळ होत नाही, कारण उंदराच्या टी१आर३ची घडण थोडी निराळी आहे. चहात टाकायच्या गोळीतलं अॅस्पार्टेमही तसंच. आपल्याला साखरेहून कितीतरी गोड, आणि उंदराला ते गोड लागतच नाही.

पण उंदरांवरच्या ज्या प्रयोगाने मला सगळ्यात जास्त हलवलं तो २००५ सालचा आहे. चार्ल्स झुकर आणि निक रिबा यांच्या गटाने माणसातला एक कडूचा रिसेप्टर घेतला आणि तो उंदराच्या गोड ओळखणाऱ्या पेशींमध्ये बसवला. आपल्याला जे कडू लागतं, ते पाणी ते उंदीर आवडीने पिऊ लागले. तोच रिसेप्टर कडूच्या पेशींत बसवला, तर तेच पाणी ते टाळू लागले. पदार्थ तोच, रिसेप्टर तोच. कोणत्या पेशीने निरोप धाडला, एवढ्यावर गोड की कडू ते ठरलं. कडूपणा त्या पाण्यात नव्हताच.

आपल्या जुन्या लोकांनी 'नावडतीचं मीठ अळणी' म्हटलं, तेव्हा त्यांना माणसाच्या मनाबद्दल बोलायचं होतं. मला ती म्हण आता जिभेबद्दलही खरी वाटते. आणि षड्रसांच्या यादीतला एक उलटापालटीचा भाग मला फार आवडतो. संस्कृतातला 'कटु' म्हणजे मिरीसारखा झणझणीत, आणि कडूला शब्द 'तिक्त'. त्या 'कटु'पासूनच आपला 'कडू' आला, पण अर्थ बदलून. म्हणजे शब्दांनीही चवीची अदलाबदल करून घेतली. तिखटाला तर आता चवीत धरतच नाहीत. मिरचीतलं कॅप्सायसिन ज्या रिसेप्टरला लागतं तो उष्णतेचा आणि वेदनेचा, १९९७ साली डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेत सापडलेला. म्हणूनच मिरची कापलेला हात डोळ्यांना लागला तरी ती तिथे 'लागते'. गूळ डोळ्यांना लागत नाही.

आईच्या साखरेचं कोडंही या वाचनातच सुटलं. गोड आणि खारट दोन्ही कडू दाबतात. कारल्याच्या काचऱ्यांना मीठ चोळून ठेवतात, त्याने पाणी तर सुटतंच, पण राहिलेलं मीठ जिभेवरही काम करतं. आईच्या हाताला हे ठाऊक होतं. आजीला वाटायचं, सून भाजी उगाच गोड करते. आजीच्या जिभेवर दाबायला कडू काही नव्हतंच, मग तिला त्या भाजीत साखरेशिवाय दुसरं काय लागणार? दोघीही आपापल्या जिभेशी प्रामाणिक होत्या.

दर वर्षी जूनमध्ये मी वर्गात पीटीसीच्या पट्ट्या वाटते. दर वर्षी कोणीतरी एक मुलगा किंवा मुलगी पट्टी खराब आहे म्हणून दुसरी मागते. मी देते. मग त्या सगळ्यांना सांगते, घरी गेल्यावर लहान भावंडांना विचारा, त्यांना कोणती भाजी कडू लागते, आणि सांगतील ते खरं धरा. धाकट्याची माफी मी त्या दिवाळीतच मागायला हवी होती. मागितली ती बऱ्याच वर्षांनी, फोनवर. तो म्हणाला, "तू कुठे मारलं होतंस मला?" पण मी शेजारी बसून पान चाटूनपुसून स्वच्छ करत होते, हे आम्हा दोघांनाही आठवत होतं.

आई आता पंच्याहत्तरीची झाली. गेल्या महिन्यात ती माझ्याकडे राहायला आली होती. मी वर्गावरून परतले तेव्हा तिने कोबी चिरून ठेवला होता, इतका बारीक की परातीत पांढऱ्या धाग्यांचा ढीग दिसत होता. जेवताना मी विचारलं, अजून कडू लागतो का? तिने घास तोंडात घोळवला, पूर्वी आजी पट्टी जिभेवर धरून बसली होती तशी.

"नाही गं. आता नाही लागत फारसा. दोन-तीन वर्षं झाली असतील."

"मग आज साखर कशाला घातलीस?"

तिने पानातली भाजी बोटांनी थोडी सारखी केली. "धाकटा यायचाय ना रात्री," ती म्हणाली. "त्याला लागतो."